अडीच वार शांतता

माझ्या नोकरीचं हत्यार होतं दाढीचं ब्लेड. पंचवीस वर्षं मी रोज एक नवं ब्लेड वापरलं आणि कुणाचीही दाढी केली नाही. एक-दोन साहेबांची बिनपाण्यानं करावीशी वाटली होती, पण ते राहूनच गेलं.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "कुसुमताई, रेडिओत तुम्ही इतकी मोठमोठी माणसं पाहिलीत, त्यांच्याबद्दल लिहा." मी म्हटलं, "पाहिली कुठे हो? मी त्यांना फक्त कापलं." पलीकडून काही क्षण आवाजच नाही. असल्या जागा मी पूर्वी ब्लेडच्या दोन फटक्यांत काढून टाकत असे.

तेव्हा आधी धंदा काय ते सांगते. इंदूरच्या रेडिओ केंद्रात मी टेपा जुळवण्याचं काम करायची. त्या काळी आवाज राहायचा पाव इंच रुंदीच्या तपकिरी फितीवर. ही फीत मशीनवरून सेकंदाला साडेसात इंच या वेगानं पळते. म्हणजे आमच्याकडे वेळ फुटपट्टीनं मोजता यायचा. एखादे पाहुणे चार सेकंद खोकले, तर तीस इंच खोकला. मी फितीची चकती हातानं पुढेमागे फिरवून खोकल्याची सुरुवात शोधायची, पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची, फीत धातूच्या खाचेत बसवायची आणि तिरका काप द्यायची. तिरका अशासाठी, की सांधा कानाला कळू नये. मग दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. रफू करणाऱ्यासारखंच हे काम. छान झालं तर झालंय हे कुणाला समजतच नाही, त्यामुळे शाबासकीही कुणी देत नाही. मी स्वतःच स्वतःला देऊन टाकायची, सढळ हातानं.

कापलेले तुकडे लगेच फेकायचे नाहीत, हा आमच्या खोलीचा नियम. कार्यक्रम हवेत जाईपर्यंत ते टेबलाच्या कडेच्या खिळ्यांना लटकत ठेवायचे. न जाणो, साहेबांना एखादं वाक्य परत हवं असलं तर. पंखा लावला की त्या फिती सळसळायच्या. इंदुरातल्या अर्ध्या प्रतिष्ठितांचे खोकले माझ्या टेबलाला झुलत असायचे.

एक वैद्यबुवा होते. पावसाळ्यातल्या पथ्यावर पंधरा मिनिटं बोलायला आले. प्रत्येक वाक्यात दोनदा "काय म्हणतात ते". मी नोकरीत नवी, अंगात नुसता उत्साह. झाडून सगळी "काय म्हणतात ती" उपटली. कार्यक्रम उरला अकरा मिनिटांचा. उरलेल्या चार मिनिटांत सतार वाजवली. दुसऱ्या दिवशी वैद्यबुवांच्या मंडळींचा फोन. "आवाज ह्यांचा होता, पण बोलणारे हे नव्हतेच. ह्यांचा कुणी भाऊ वगैरे आणला होता का?" मी ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं हशा पिकवायला वापरली. त्या बाईंनी मला काय सांगितलं होतं, ते कळायला मात्र फार वेळ लागला.

आता ज्या भाषणापायी हे सगळं लिहितेय, त्याकडे येते.

पासष्ट साली युद्ध झालं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आम्ही स्नेहलतागंजात राहायचो, वडील रेल्वेत क्लार्क. घरात रेडिओ होता, त्यामुळे बातम्यांच्या वेळी आमची बैठकीची खोली म्हणजे गल्लीची चावडी. सीमेवर लढाई, घरात धान्याची टंचाई, आणि बाहेरून येणारा गहूही थांबेल की काय अशी धास्ती. अशा वेळी आपले ते लहानखुरे, मऊ आवाजाचे पंतप्रधान देशाशी बोलले. आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा, असं त्यांनी सांगितलं. सोमवारची संध्याकाळ ठरली. आवाज चढवला नाही, धमकी नाही, की अमुक देईन असं आमिष नाही. उलट मागितलं, आणि मागितलं तेही ताटातलं. युद्धाच्या काळातली भाषणं बहुतेक काळजाला हात घालतात. हे थेट पोटाशी बोललं. माझ्या मते त्याचं मोठेपण तिथे आहे. जो कुणी ऐकेल त्याला त्याच आठवड्यात, स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याचं उत्तर द्यावं लागणार होतं. दुकानदार असो, कारकून असो, उत्तर द्यायला सगळ्यांजवळ सारखंच एक पोट.

वडील म्हणाले, "आपल्याकडे सोमवारी संध्याकाळी चूल पेटणार नाही." आईनं मान हलवली. आणि मी? मी एक वही घेतली, तिच्यावर तिरंगा काढला आणि दर सोमवारी संध्याकाळी गल्लीत गस्तीला निघाले. कुणाच्या घरातून धूर निघतो ते बघायचं आणि नाव टिपायचं. मला हे काम कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. जोशीकाकूंच्या दारात उभी राहून मी विचारलं होतं, "काकू, देशासाठी एक वेळ राहवत नाही का हो?" त्या म्हणाल्या, "बाळासाठी पेज करतेय गं इन्स्पेक्टरबाई. बाळाचंही नाव लिहून घे, तान्हं आहे म्हणून सोडू नकोस." मी खरंच लिहून घेतलं.

आणि आता जे मी साठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते. त्या वहीच्या गस्तीत माझ्या स्कर्टच्या खिशात लौंगशेव, आमची इंदुरी लवंगेची तिखट शेव, असायची. गल्लीच्या टोकाला भिंतीआड उभी राहून मी ती मूठभर खायची, तोंड पुसायची आणि पुढच्या घराचा धूर बघायला जायची. असं हे रत्न पुढे सरकारी नोकरीला लागलं आणि त्याच्या हातात ब्लेड दिलं गेलं.

भाषणाला दहा वर्षं झाली तेव्हा आमच्या केंद्रावर मराठी श्रोत्यांसाठी एक अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचं ठरलं. इंदूरच्या माणसांनी ते भाषण कसं ऐकलं आणि त्या सोमवारी काय केलं, असा विषय. कार्यक्रमाचे साहेब पाटणकर, भला माणूस. खांद्यावर रेकॉर्डिंगचं मशीन अडकवून मिल एरियात गेले, माणसांना बोलतं केलं आणि चाळीस मिनिटांचा ऐवज घेऊन आले. माझ्या टेबलावर टेप ठेवून म्हणाले, "कुसुम, सव्वीस मिनिटांत बसवायचंय. खोकले काढ, रेंगाळणं काढ. माणसं ठेव."

त्या टेपवर एक सुंदराबाई होत्या. खानदेशातून आलेलं कुटुंब, नवरा मिलमध्ये कामाला. त्या सांगत होत्या, की चाळीत एकच रेडिओ होता, भाषण सगळ्यांनी दाटीवाटीनं उभं राहून ऐकलं. "मग सोमवार आला," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी कुणाच्याच घरातून धूर नाही." त्यापुढे त्या गप्प झाल्या. बराच वेळ गप्प. नंतर काही बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "फार बरं वाटलं, साहेब."

मधलं जे बोलल्या ते मी ऐकलं. एकदाच ऐकलं. आणि पंचवीस वर्षांच्या त्या शहाण्या मुलीनं ठरवलं, की देशप्रेमाच्या कार्यक्रमात हे शोभत नाही. त्या काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. मी त्यांचं बोलणं एकदा मधेच तोडलेलं आहे. या वेळी ते त्यांच्याच तोंडून, आपल्या जागेवर येऊ दे.

"धूर नाही"च्या पुढे एक काप. "फार बरं वाटलं"च्या आधी दुसरा काप. मधली पाऊण मिनिटाची फीत खिळ्याला. सांधा इतका सुंदर बसला, की मी पाटणकरांना बोलावून ऐकवला. ते म्हणाले, "वा, कळतसुद्धा नाही." कार्यक्रम लागला. निवेदकानं वर एक वाक्य चढवलं, की मिल एरियातल्या गृहिणींनीही एक वेळचं जेवण असं आनंदानं सोडलं.

चौथ्या दिवशी फाटकावरच्या चौकीदारानं निरोप दिला, "मॅडम, एक लडकी आई है. पूछ रही है, आवाज कौन काटता है."

दोन वेण्या, शाळेचा निळा-पांढरा गणवेश, अकरावीतली असावी. नाव मीनाक्षी. सुंदराबाईंची मुलगी. परदेशीपुऱ्याहून चालत आली होती. मी तिला माझ्या खोलीत नेलं, खुर्ची दिली. ती बसली नाही.

"माझ्या आईचं बोलणं तुम्ही कापलं?"

"कार्यक्रमाची वेळ ठरलेली असते," मी माझा रेडिओचा आवाज काढला. "थोडंफार कमी करावंच लागतं."

"थोडंफार? ती बोललीच थोडंफार होती." मग ती भराभरा म्हणाली, "आईनं सगळ्या चाळीला बोलावलं होतं ऐकायला. चहा केला सगळ्यांना. आणि रेडिओतून काय आलं? आम्ही म्हणे आनंदानं जेवण सोडलं. आता नळावर बायका विचारतात, सुंदरा, सोडायला होतं काय गं तुझ्याकडे? आई खोटी पडली ना, ताई. तिनं तर साहेबांना खरं सांगितलं होतं. मी तिथेच बसले होते."

पंखा चालू होता आणि खिळ्यावरून काढायचा राहून गेलेला तो तुकडा तिच्या खांद्यामागे सळसळत होता.

"तो भाग फेकला का?" तिनं विचारलं.

"नाही. हा काय."

तिनं त्या फितीकडे पाहिलं, हात लावला नाही. "मग जोडा परत."

"जोडीन," मी म्हटलं. "पुन्हा लागेल कार्यक्रम तेव्हा जोडीन."

"नक्की?"

"नक्की."

दारातून ती वळली. "आई म्हणते, आता मी कुणाला काही सांगणार नाही."

मला फक्त पाटणकरांकडे जायचं होतं. वीस पावलं. साहेब, चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. पण सांध्याची शाबासकी घेऊन झालेली. उद्या जाऊ, परवा जाऊ. तेव्हा कोऱ्या टेपांची फार ओढाताण असायची, म्हणून प्रसारित झालेल्या टेपा महिन्याभरात चुंबकाच्या यंत्राखाली धरून पुसायच्या आणि पुन्हा वापरायच्या, अशी रीत होती. पुसायच्या गठ्ठ्यात ती टेप आली तेव्हा मी रजेवर असते तर आज सांगायला बरं झालं असतं. मी समोरच बसले होते. यादीवर सही केली. त्या सव्वीस मिनिटांवर पुढे कुणाचीतरी भजनं चढली. ज्याच्यात जोडायचं तेच उरलं नाही. उरला तो फक्त मी कापलेला तुकडा.

तो मात्र मी टाकला नाही. दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर गुंडाळला, पाकिटात घातला, पाकिटावर "सुंदराबाई" लिहिलं आणि चकल्यांच्या जुन्या डब्यात ठेवलं. मोठी नैतिक कामगिरी केल्यासारखं वाटलं होतं. नंतर हा डबा माझ्याबरोबर तीन खोल्या फिरला. कॉम्प्युटर आले, ब्लेड गेलं, मशीनं भंगारात गेली, मी निवृत्त झाले, डबा अन्नपूर्णा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर गेला. दर दिवाळीला सूनबाई विचारायची, "आई, हा डब्बा टाकू?" दर दिवाळीला मी म्हणायची, "राहू दे गं, कामाचा आहे." पन्नास वर्षांत काम केलं नाही ते नाहीच.

गेल्या वर्षी आमच्या इथल्या महिला मंडळानं मला बोलावलं, रेडिओच्या गमती सांगा म्हणून. मी वैद्यबुवांची गोष्ट सांगितली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटच्या रांगेत एक बाई हसल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर पुढे आल्या. पांढरे केस, चष्मा, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या असतात तशा ताठ.

"वैद्यबुवांचं काढलंत त्याचा विनोद झाला," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचं काढलंत, ते आठवतं का ताई?"

मी ओळखलं. वेण्या नव्हत्या, पण उभं राहणं तेच.

"आई कशा..." मी विचारायला घाबरले.

"आहे. अठ्ठ्याऐंशीची आहे. माझ्याकडेच असते, इथेच दोन गल्ल्या सोडून. माझ्या नातीला शाळेत त्या भाषणावर लिहायचंय, साठ वर्षं झाली ना. ती पणजीला विचारायला गेली, तुझी आठवण सांग. आई म्हणाली, मी एकदा सांगितलं होतं, त्यांनी कापलं. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली."

मी म्हटलं, "मीनाक्षी, तुकडा आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कुठे?"

"चकल्यांच्या डब्यात."

"बरं," त्या म्हणाल्या. जराही विश्वास नव्हता त्या "बरं"मध्ये, आणि का असावा?

आता प्रश्न मशीनचा. फोन केला तिवारी भियांना (भैयाचं इंदुरात भिया होतं). हे आमच्या केंद्राचे इंजिनिअर होते, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. त्यांच्या घरी एक जुनं मशीन आहे आणि त्यावर त्यांनी क्रोशाचं कव्हर घातलंय, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यावरून त्यांच्या घरात रोज भांडण होतं. मी रीळ घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी फीत बोटानं चाचपली, वास घेतला.

"ताई, ये तो मुरब्बा हो गया है. चिकटतेय बघा." तिवारी भिया माझ्याशी अर्धं मराठी बोलतात, माझ्यावर उपकार म्हणून. "एक बार चलेगा. दूसरी बार की गारंटी नहीं. मी मोबाइल लावून ठेवतो रेकॉर्डिंगला. चलो, पहले चेक कर लेते हैं."

त्यांनी दोन्ही टोकांना नवी फीत जोडली, मशीन चालू केलं, बटणावर बोट ठेवलं. मी त्यांचा हात धरला.

"नाही भिया. आधी मी ऐकणार नाही."

"अरे? और खाली निकला तो? त्या म्हाताऱ्या माणसापुढे तमाशा होईल."

"होऊ दे. मागच्या वेळी मी त्यांच्या आधी ऐकलं होतं, आणि पुढे काय केलं ते तुम्हाला सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि क्रोशाचं कव्हर परत चढवलं. "सोमवार शाम को ले चलते हैं. बहू मंदिर जाती है, निकालने में डांट नहीं पड़ेगी."

तर सोमवारी संध्याकाळी, त्यांच्या घरून ई-रिक्षात मांडीवर मशीन घेऊन आम्ही दोघं निघालो. एकूण वय दीडशेच्या पुढे. प्रत्येक खड्ड्याला तिवारी भिया मशीनला म्हणत होते, "बस बेटा, आ गए."

सुंदराबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. लहानशा, सुरकुतलेल्या, डोळे मात्र चकचकीत. कानात ऐकायचं यंत्र. पायाशी पणती वही घेऊन बसलेली. मीनाक्षीनं मोठ्यानं सांगितलं, "आई, या त्या रेडिओच्या ताई."

"कापणारी?"

"हो मावशी," मी म्हटलं. "मीच."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "बारीक असशील तेव्हा."

"हो."

"बस."

काय काय बोलायचं ते मी रिक्षात पाठ केलं होतं. माफीची तीन वाक्यं, छान घोटलेली. सगळी विसरले. एवढंच म्हणाले, "तुमचं आहे ते परत आणलंय. राहिलं असेल तर ऐकू येईल."

तिवारी भियांनी बटण दाबलं. चकत्या फिरल्या. नुसती खरखर.

आणि बाकी काही नाही. एक सेकंद, दोन, तीन. तिवारी भियांनी माझ्याकडे पाहिलं. मीनाक्षी खिडकीकडे बघायला लागली. पाच. सहा. पुसलं गेलंय, मी मनात म्हटलं. पन्नास वर्षं मी रिकामी फीत सांभाळली.

"बंद पडलं का गं?" सुंदराबाईंनी विचारलं.

आणि मग मला आठवलं. आधी ती गप्प राहण्याची जागा होती. तीही मी कापली होती. मी हात वर केला. थांबा, सगळे थांबा. त्या खरखरीत, खूप लांबून, मिलचा भोंगा वाजला. आता त्या मिलांचे दरवाजे बंद होऊनही जमाना झाला. भोंगा वाजून विरला. कुणीतरी भांडं खाली ठेवलं. कुणीतरी लहानसा श्वास घेतला. ती शांतता रिकामी नव्हतीच. मी ती कधी ऐकलीच नव्हती, फक्त मोजली होती.

नंतर मोबाइलवरच्या नोंदीत पाहिलं, बारा सेकंद. म्हणजे नव्वद इंच, अडीच वार. परकराला पुरेल इतकं कापड.

मग एका तरुण बाईचा आवाज आला, पलंगावरच्या आवाजापेक्षा कितीतरी भरीव.

"आमच्याकडे कसं होतं साहेब, सोमवार काय नि बुधवार काय. आमचे मालक सहा महिने खाटेवर. संध्याकाळची चूल आमची तशीही थंडच. बाजूच्या खोलीतून फोडणीचा वास यायच्या आत मी पोरांना निजवायची. वास आला की पोरं रडत. त्या सोमवारी वास आलाच नाही. कुणाकडूनच नाही. पोरं जागी राहिली, अंगणात खेळली. माझी मीना मला म्हणाली, आई, आज सगळे आपल्यासारखे."

चकती रिकामी फिरू लागली. "फार बरं वाटलं" तिच्यावर नव्हतं. ते मी कार्यक्रमात ठेवलं होतं आणि कार्यक्रमाबरोबर गेलं.

मग पलंगावरून, दात नसलेल्या तोंडातून, तेच वाक्य आलं. सुंदराबाईंनी ते स्वतःच जोडलं.

"फार बरं वाटलं, साहेब."

आयुष्यात मी हजारो सांधे बसवले. असा एकही बसला नाही.

ते भाषण आज कुणालाही मोबाइलवर मिळतं. ते नीट जपलंय आणि जपायलाच हवं. एका वाक्यावर लाखो घरांनी चूल थंड ठेवली, हे पुस्तकात आहे. पण त्याच वाक्यामुळे, जिथे चूल आधीच थंड होती, त्या घरातली पोरं एक संध्याकाळ मान वर करून अंगणात खेळली. त्या घरांची चूल त्या दिवशी लाज वाटण्याची गोष्ट राहिली नाही. भाषण करणाऱ्याला तरी हे कळलं असेल का, मला शंका आहे. माझ्यापर्यंत आलं होतं, चांगलं अठ्ठावीस फूट लांब, आणि मी ते खिळ्याला टांगलं.

मीनाक्षी पलंगाच्या कडेला बसून रडत होती आणि हसतही होती. "मी असं म्हटलं होतं? तू साहेबांना सांगितलंस तेव्हाही मला आठवलं नव्हतं, आजही आठवत नाही."

"सात वर्षांची होतीस," आई म्हणाली. मग पणतीकडे वळून, "लिहिलंस का?"

"आजी, तू आता परत सांग ना. हळूहळू. मी लिहिते."

"सांगते. पण मधे गप्प बसले तर तेही लिहायचं."

"गप्प कसं लिहू?"

सुंदराबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचार. हिला माप माहीत आहे."

तिवारी भिया इतके हसले, की त्यांना खोकला लागला. चांगला सात-आठ सेकंदांचा. मी तो आदरानं ऐकून घेतला.

आम्ही निघायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सोमवार आहे ना आज? मग जेवल्याशिवाय जायचं नाही. मीना, पानं घे." मी नको नको म्हणू लागले. त्यांनी डोळे वटारले. "का? सोमवारी जेवत नाहीस वाटतं?"

आणि मग, कोण जाणे का, मी सांगून टाकलं. वही, तिरंगा, जोशीकाकूंच्या बाळाची पेज, भिंतीआडची लौंगशेव. साठ वर्षांचं सगळं. सुंदराबाई कानाचं यंत्र दाबून धरून ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी वेळ घेतला. मी मोजला नाही.

"म्हणजे सगळ्या शहरात त्या दिवशी जेवली कोण, तर तू," त्या म्हणाल्या. "मीना, हिला शेव वाढ. भरपूर वाढ."

मीनाक्षीनं कपाटातून बरणी काढली. पणतीनं वही मिटली नाही, उलट पान उलटलं आणि पेन्सिल सरसावून माझ्याकडे बघत बसली, नाव टिपायला बसावं तशी. सगळ्यांच्या समोर, सोमवारी संध्याकाळी, मी ती शेव खाल्ली. कुरकुर आवाज होत होता. तिवारी भियांचा मोबाइल अजून रेकॉर्डिंगवरच होता. मी त्यांना सांगितलं, राहू द्या, कापू नका.